सामना झालाच नाही, मग तिकिटाचे पैसे कुणाकडे?

केळीवाला_रावेर (धागाकर्ता) | ८ जून २०२५, रात्री ९.४०

मंडळी, विषय जरा लांबचा आहे, पण पैशाचा आहे म्हणून इथं टाकतोय.

माझा पुतण्या अमेरिकेत नोकरीला आहे. बास्केटबॉलचं भारी वेड. तिथल्या एका संघाचं हंगामभराचं तिकीट त्यानं ऑफिसातल्या दोघांबरोबर भागीत घेतलंय. (संघाचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.) एप्रिलमध्ये प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्या, सुरू व्हायच्या आधी संघानं यांच्या कार्डावरून पहिल्या फेरीत घरच्या मैदानावर होऊ शकतील तेवढ्या सगळ्या सामन्यांचे पैसे एकदम कापले. होऊ शकतील तेवढ्या, हे ध्यानात घ्या. मालिका पाचव्या सामन्यालाच निकालात निघाली. सातवा सामना यांच्या शहरात होता, तो झालाच नाही.

आता त्या सातव्याचे पैसे कार्डावर काही परत आले नाहीत. संघाच्या ॲपमध्ये 'खात्यात जमा' असं दिसतंय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की तुम्ही काही कळवलं नाही तर पुढच्या हंगामाच्या हप्त्यात वळते करू.

पोरगा म्हणतो, "काका, जाऊ द्या, पुढच्या वर्षी लागणारच आहेत." तिघांचे मिळून आपल्याकडे एखादी बरी सेकंडहँड मोटरसायकल येईल एवढे पैसे आहेत ते. जाऊ द्या काय?

दोन गोष्टी विचारायच्यात. ही तिकडची रीतच आहे का? आणि आपल्याकडे आयपीएलच्या प्लेऑफला असं झालं तर काय होतं? घरातली दोन पोरं दरवर्षी अहमदाबादला जायचं म्हणतात, तेव्हा आधीच विचारून ठेवलेलं बरं.

---

खान्देशी_भो | ८ जून, रात्री ९.५२

आपलाच पैसा आपले मांगना पडस, हाई काय न्याय शे भो? तठे बी आसंच शे का?

---

सातासमुद्री_जळगावकर | ८ जून, रात्री १०.३०

नाना, बारा वर्षांपेक्षा जास्त इकडेच आहे म्हणून सांगतो. हो, ही रीतच आहे.

एनबीएच्या, म्हणजे इथल्या बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफची प्रत्येक मालिका सातातल्या चाराची असते. ज्याचं मानांकन वरचं, त्याच्या मैदानावर पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा. दुसऱ्याच्या मैदानावर तिसरा, चौथा आणि सहावा. पण कुणी चार जिंकले की तिथंच खेळ खलास. त्यामुळे पाचवा, सहावा, सातवा हे वेळापत्रकात असतात, पण त्यांच्यापुढं 'गरज पडल्यास' अशी खूण असते. २०२४ च्या अंतिम मालिकेत बोस्टननं डॅलसला ४-१ नं हरवलं, तेव्हा डॅलसमध्ये ठरलेला सहावा सामना हवेतच विरला. बेसबॉलमध्येही तेच. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी पाचवा सामना न्यूयॉर्कमध्ये जिंकून टाकला, लॉस एंजेलिसमधले सहावा-सातवा झालेच नाहीत. तिकिटं मात्र सगळ्यांची आधीच विकलेली असतात. नाही विकली तर ऐनवेळी अठरा-वीस हजार माणसांना तिकिटं कधी द्यायची? दोन सामन्यांत जेमतेम एक-दोन दिवसांचं अंतर असतं.

त्यामुळे आधी विकण्यात मला गैर काही दिसत नाही. एकेकटं तिकीट घेतलं असेल तर सामना न झाल्यावर पैसे सहसा आपोआप कार्डावर येतात. घोळ होतो तो हंगामी तिकीटवाल्यांचा. त्यांचं खातं संघाकडे कायमचं उघडं असतं, म्हणून संघ पैसे तिथंच ठेवून घेतो. बऱ्याच संघांत 'जसे खेळू तसे कापू' अशीही योजना असते. त्यात सामना नक्की झाल्यावरच कार्डावर रक्कम पडते. तुमच्या पुतण्यानं ती निवडली होती का, हे विचारा. खात्याच्या सेटिंगमध्ये कुठेतरी आत दडवलेली असते.

---

लोको_भुसावळ | ८ जून, रात्री १०.४८

म्हणजे आपलं वेटिंगचं तिकीटच की हे. पैसे आधी भरा, गाडीत जागा झाली तर बसा, नाही झाली तर परत.

---

तापीकाठ | ८ जून, रात्री ११.०५

लोकोभाऊ, नाही पटलं. ई-तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात पैसे येतात. क्लर्केज म्हणून होणारी थोडी कापाकापी आणि सुविधा शुल्क सोडलं तर. रेल्वे कधी म्हणते का, की पुढच्या दिवाळीच्या तिकिटात वळते करतो म्हणून?

---

लोको_भुसावळ | ८ जून, रात्री ११.०९

हा मुद्दा मान्य. रेल्वेला शिव्या देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

---

अमळनेरची_साने | ९ जून, सकाळी ७.२०

आयपीएलबद्दल विचारलंत म्हणून लिहिते, कारण २०२३ ची फायनल आम्ही 'पाहिली'.

२८ मे २०२३, रविवार. मी, मिस्टर, दीर आणि त्यांचा मुलगा. जळगावहून नवजीवननं गेलो होतो. मोबाईलवर तिकीट काढलं तरी स्टेडियमात कागदी तिकीटच लागत होतं, त्यामुळे आदल्या दिवशी उन्हात रांग लावून ते कागद हातात घेतले. संध्याकाळी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. छत सगळ्यांच्या डोक्यावर नाही. आमच्या दिरांनी तिकिटं शर्टाच्या खिशात ठेवली होती. रात्री अकराच्या सुमारास पडद्यावर आलं की सामना उद्या, आणि आजचंच तिकीट उद्या चालेल, जपून ठेवा. जपून! खिशातून काढली तर चारही एकमेकांना चिकटलेली. सोलताना एकाचा बारकोडाचा वरचा पापुद्रा सुटून दुसऱ्याच्या पाठीवर गेला. मिस्टरांनी हॉटेलात आल्यावर ती टॉवेलावर पसरून इस्त्रीवाल्याकडून... नाही, इस्त्री नाही फिरवली, पंख्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या पोरानं तीनदा मशीन फिरवलं तेव्हा कुठं ते एक लागलं.

पण सांगायचं ते वेगळंच. दिरांची आणि मुलाची परतीची गाडी त्याच रात्रीची होती, सोमवारी त्यांची ड्युटी. सामना पुढे ढकलल्याचं कळलं तेव्हा गाडी सुटायला चार तासही नव्हते, म्हणजे रेल्वेचं तिकीट रद्द करूनही एक पैसा मिळणार नव्हता. ते निघून गेले. सोमवारी रात्री, म्हणजे खरं मंगळवार उजाडल्यावर दीड वाजता, जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर सहा आणि चार मारले. आमच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या.

त्या दोन तिकिटांचे पैसे? शून्य. कारण कागदोपत्री सामना झाला. आमच्या दिरांसाठी नाही झाला, पण त्याचं कोण काय ऐकणार!

---

चेंडूफळी | ९ जून, सकाळी ८.४५

सानेताई, हा खरा गुंता आहे. सामना रद्द होणं आणि पुढे ढकललं जाणं यांत आयोजकांचा सगळा फायदा दडलेला असतो. रद्द म्हटलं की पैसे द्यावे लागतात. पुढे ढकलला म्हटलं की तिकीट जिवंत, पैसे आमच्याकडे.

आपल्याकडचा दंडक साधारण असा: एकही चेंडू पडला नाही तर परतावा, एक जरी पडला तरी काही नाही. गेल्या महिन्याचंच बघा. १७ मे ला बंगळुरूत आरसीबी-केकेआर (बंगळुरू-कोलकाता), नाणेफेकसुद्धा झाली नाही. आरसीबीनं परतावा जाहीर केला. डिजिटल तिकीटवाल्यांना मूळ खात्यात, कागदी तिकीटवाल्यांनी मूळ तिकीट घेऊन यावं. उलट २६ एप्रिलला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर पंजाबनं पूर्ण वीस षटकं खेळून २०१ केल्या, कोलकात्याचं एकच षटक झालं आणि पाऊस. ८ मे ला धरमशालात तर सामना पावसानं थांबला नाही, अकराव्या षटकात दिवे गेले आणि प्रेक्षकांना बाहेर काढलं. भारत-पाकिस्तान सीमेवरची परिस्थिती तशी होती, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण १०.१ षटकं बघायला मिळालेला माणूस आणि वीस बघितलेला माणूस एकाच पारड्यात कसे?

इंग्लंडात बरं आहे. तिथं किती षटकं झाली त्यावरून पूर्ण पैसे की अर्धे हे ठरतं आणि तिकिटाच्या अटींत आधीच छापलेलं असतं. आपल्याकडे हे करायला काय अडचण आहे मला समजत नाही. स्कोअरकार्ड तर सगळ्यांकडे असतंच.

---

मंडपवाला_आयोजक | ९ जून, सकाळी १०.३०

अडचण काय ती मी सांगतो, कारण मी दुसऱ्या बाजूला उभा राहिलोय.

आमच्या तालुक्यात दरवर्षी टेनिस बॉलची रात्रीची स्पर्धा असते. बाहेरगावचे संघ येतात, प्रेक्षकांना पास. एका वर्षी उपांत्य सामने झाले, फायनलच्या संध्याकाळी अवकाळी आली. वादळ एवढं की मंडपाचे पत्रे शेजारच्या शेतात आणि शेतातली केळी आडवी. फायनल गेली. दोन दिवसांनी गावात बैठक. लोक म्हणाले पासचे पैसे परत द्या. अरे बाबांनो, जनरेटरचं डिझेल जळलं, लाइटवाल्याचं भाडं गेलं, मैदान रोलरनं करून घेतलं, समालोचकाला मानधन दिलं, पंचांचं जेवण झालं. पैसे आहेत कुठे परत द्यायला? शेवटी बक्षिसाची रक्कम दोन संघांत अर्धी अर्धी वाटली आणि पासवाल्यांना पुढच्या वर्षी अर्ध्यात पास. दोघं-तिघं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आयोजकाचा खर्च सामन्याच्या आधीच झालेला असतो, एवढंच माझं म्हणणं. पहिला चेंडू पडेपर्यंत ऐंशी टक्के पैसा गेलेला असतो.

---

तापीकाठ | ९ जून, सकाळी १०.५५

मंडपवाले दादा, तुमचं बरोबर आहे, पण ते पावसानं गेलेल्या सामन्याला लागू. नानांच्या पुतण्याच्या सातव्या सामन्याला कुणी मैदान केलं? कुणी लाइट लावले? तो होणारच नाही हे पाचवा संपला त्या रात्री कळलं होतं. खर्च शून्य आणि पैसे खिशात. ते तुमच्या पत्र्याच्या हिशेबात बसत नाही.

---

मंडपवाला_आयोजक | ९ जून, सकाळी ११.१०

ते मात्र खरं. असा सामना आम्हाला पण चालला असता.

---

वकिली_धुळे | ९ जून, दुपारी २.१५

कोर्टातून आत्ता आलो. दोन्ही देश वेगळे करून बोलू.

आधी आपल्याकडचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितलंय. त्यात एक अशी आहे की सदोष माल परत घ्यायला किंवा त्रुटीची सेवा बंद करून पैसे परत द्यायला नकार देणं. बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात काही लिहिलं नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे 'परत करू, करू' म्हणत दोन-चार महिने लोळवणं हे आपोआप यात येतं. तक्रार कुठे करायची? या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. सामना अहमदाबादला असो की कोलकात्याला, रावेरच्या माणसानं जळगावच्या आयोगात जावं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षं. या जानेवारीपासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याच्याही आधी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. निम्मी प्रकरणं कंपनीला तिथून निरोप गेला की मिटतात, हा माझा अनुभव.

एक बारकावा. अटच एकतर्फी आहे, म्हणून ती रद्द करा असं म्हणायचं असेल तर तो 'अनुचित करार' होतो आणि त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. बरेच जण जिल्ह्यात नेमकं तेच मागतात आणि तारखा खात बसतात. जिल्ह्यात फक्त आपले पैसे आणि त्रासाची भरपाई मागा.

आता पुतण्याचं. सातवा सामना 'गरज पडल्यास' होता हे त्याला माहीत होतं, त्यामुळे सामना झाला नाही यात संघाची चूक नाही. वाद फक्त पैसे धरून ठेवण्याचा आहे. तिथं सोपा रस्ता म्हणजे आधी संघाला लेखी कळवायचं की वळते नकोत, कार्डावर द्या. नाही ऐकलं तर क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवायचा. तिथल्या कायद्यानं ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून साठ दिवसांत लेखी तक्रार जायला हवी. एप्रिलचं बिल म्हणताय ना नाना? मग 'जाऊ द्या काका' म्हणायला फार दिवस उरलेले नाहीत. आजच फोन करा.

---

केळीवाला_रावेर | ९ जून, दुपारी २.४०

वकीलसाहेब, आभारी आहे. तिकडे आता पहाट आहे, उठला की पकडतो.

---

नंदुरबारी_सुरतेत | ९ जून, सायंकाळी ६.००

सामन्याचं ठिकाण बदलण्याचं कुणीच बोललं नाही. यंदा आयपीएलचे प्लेऑफ आधी हैदराबाद आणि कोलकात्याला होते. स्पर्धा ९ मे ला थांबली, १७ ला परत सुरू झाली, आणि मग पहिला क्वालिफायर व एलिमिनेटर चंडीगडजवळ मुल्लानपूरला, दुसरा क्वालिफायर आणि फायनल अहमदाबादला. कोलकात्याची फायनल २५ मे ची होती, झाली ३ जूनला, हवाई अंतरानं साधारण सोळाशे किलोमीटर पश्चिमेला.

आपल्याला लॉटरीच लागली म्हणा. नंदुरबारहून सुरत, सुरतहून अहमदाबाद, सकाळी निघून संध्याकाळी स्टेडियमात. पण माझा एक सहकारी मूळचा बंगालचा. त्यानं २५ मे धरून घरी जायची विमानाची तिकिटं आधीच काढलेली, तिकडे गेल्यावर मॅच बघू म्हणून. ती गेली. मॅचचं तिकीट हाती नसतानाही याचं नुकसान झालं, आणि ते कुठल्याच परताव्याच्या नियमात बसत नाही.

---

चेंडूफळी | ९ जून, सायंकाळी ६.३५

म्हणून प्लेऑफच्या प्रवासाला नेहमी रद्द करता येईल असंच हॉटेल घ्यावं. दोन-चारशे रुपये जास्त पडतात, पडू द्यावेत.

---

खान्देशी_भो | ९ जून, सायंकाळी ६.४१

हॉटेल कसाले? सुरतले आपला अर्धा खान्देश राहस. कोना बी घर उतरा, शेवभाजी भेटीच.

---

पारोळा_हिशेबनीस | ९ जून, रात्री ८.१५

परतावा 'पूर्ण' म्हणतात तेव्हा तो कशाचा पूर्ण, हे तपासायची माझी सवय. आयपीएलच्या तिकिटावर २८ टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत १००० असेल तर तुम्ही १२८० भरता. सेवा झालीच नाही तर करही परत यायला हवा, आयोजकाला क्रेडिट नोट काढून तो भरून घेता येतो. त्यात तो काही खिशातून घालत नाही. सुविधा शुल्क मात्र तिकीट विकणाऱ्या ॲपचं असतं आणि ते आम्ही आमचं काम केलं म्हणून ठेवून घेतात. चार तिकिटांमागे तीच रक्कम बरी भरते. परत आलेला आकडा आणि बँकेतून गेलेला आकडा शेजारी शेजारी लिहून बघा एकदा.

आणि काळ्या बाजारातून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणाकडून तिप्पट भावानं तिकीट घेतलं आणि सामना धुतला गेला, तर परतावा पहिल्या माणसाच्या खात्यात जातो, तोही छापील किमतीचा. तो तुम्हाला देईल का, हे त्याच्या आईवडिलांच्या संस्कारांवर. माझ्या ओळखीत एकानं दिले. बाकीच्यांचे फोन लागत नाहीत.

---

सातासमुद्री_जळगावकर | ९ जून, रात्री ९.५०

हिशेबनीस म्हणतात त्याची इकडची बाजू. इथं तिकिटांची फेरविक्री उघडपणे चालते, मोठमोठ्या साइट आहेत. 'गरज पडल्यास'वाला सामना झाला नाही तर त्यांच्या नियमांप्रमाणे घेणाऱ्याला पैसे परत जातात आणि विकणाऱ्याला मिळत नाहीत. या बाबतीत त्या बऱ्याच सरळ आहेत.

पण २०२० मध्ये सगळ्यांचे रंग दिसले. मार्चमध्ये कोरोना आला आणि बेसबॉलचा हंगाम थांबला. एवढे सामने गेले, पण बरेच दिवस अधिकृतपणे ते 'रद्द' नव्हतेच, फक्त 'पुढे ढकललेले'. रद्द नाहीत म्हणून परतावा नाही. शेवटी लोक कोर्टात गेले आणि एप्रिलच्या अखेरीस क्लबांना आपापलं परतावा धोरण ठरवायची मुभा मिळाली. जुलैत हंगाम सुरू झाला तो ६० सामन्यांचा आणि रिकाम्या स्टेडियमात. तिकिटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीनं कोरोना आला त्याच सुमारास आपल्या साइटवरचं परताव्याचं वाक्य बदललं. आधी पुढे ढकललेल्या सामन्यांचाही उल्लेख होता, नंतर फक्त रद्द झालेल्यांचा उरला. स्टबहब या फेरविक्रीच्या साइटनं रोख पैशांऐवजी १२० टक्क्यांचं कूपन देऊ केलं. आकडा मोठा दिसतो, पण ज्याची नोकरी गेली त्यानं कूपन चाटायचं का? पुढे २०२१ मध्ये अनेक राज्यांच्या सरकारी वकिलांनी धरल्यावर पैसे परत करायचं मान्य झालं.

तेव्हापासून मी 'खात्यात जमा' हा प्रकार दिसला की लगेच मेल टाकतो.

---

एरंडोलचा_शंकासूर | ९ जून, रात्री १०.२०

सगळे पैसे परत मागा म्हणतायत. उलटी बाजू कुणी बघत नाही. संघाकडे ठेवले तर पुढच्या वर्षी चांगल्या जागेला प्राधान्य, थोडी सूट असं काही देतात की नाही? मग तोटा काय?

---

तापीकाठ | ९ जून, रात्री १०.३१

तोटा काही नाही, आपण होऊन ठेवले तर. न विचारता ठेवून घेतले याचीच चर्चा चाललीय.

---

एरंडोलचा_शंकासूर | ९ जून, रात्री १०.३३

व्याज तरी द्यायचं मग.

---

केळीवाला_रावेर | १६ जून, रात्री ८.५०

खबर देतो. पोरानं संघाला मेल केला, वकीलसाहेबांनी सांगितलं तसं, 'वळते नकोत, मूळ कार्डावर द्या' एवढंच. उत्तर आलं की ॲपमध्येच तसा पर्याय आहे, चार पायऱ्या आत. बटण दाबलं, पाचव्या दिवशी पैसे कार्डावर. सगळे. तिथं 'जसे खेळू तसे कापू'चा पर्यायही सापडला, तो पुढच्या वर्षासाठी लावला.

आता नवीनच भानगड. खातं याच्या एकट्याच्या नावावर. तिघांपैकी एकाला पैसे परत नकोच होते, त्याला शंकासूर म्हणतात ती चांगली जागा हवी होती. पण खातं एक म्हणजे निर्णयही एकच, दोघांचे परत आणि एकाचे जमा असं करता येत नाही. तो आता रुसलाय. पुतण्या मला म्हणतो, "काका, तुमच्यामुळे." घ्या!

---

वकिली_धुळे | १६ जून, रात्री ९.३०

भागीदारीचं तिकीट म्हणजे लेखी ठरलेलं असावं. तो सल्ला मात्र फुकट नाही, नाना.

---

पारोळा_हिशेबनीस | २८ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.१०

धागा वर काढतोय, कारण दोन गोष्टी बदलल्या आणि एक प्रश्न आहे.

बदललं ते असं. २२ सप्टेंबरपासून आयपीएलच्या तिकिटावर जीएसटी २८ चा ४० टक्के झाला. मघाच्या हिशेबातले १२८० आता १४००. देश, राज्य किंवा जिल्ह्यांचे संघ खेळतात अशा मान्यताप्राप्त स्पर्धांना तो लागू नाही, तिथं ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर नाही आणि त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के. दुसरं, जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क घ्यायला मनाई करणारे २०१३-१४ चे सरकारी आदेश रद्द केले. ते सिनेमाबद्दल आहे, पण ॲपवाले आता शुल्क सोडतील ही आशा सोडा.

आता प्रश्न. महिला विश्वचषकाची फायनल रविवारी २ तारखेला नवी मुंबईला आहे, मुलीसाठी दोन तिकिटं काढलीत. परवा तिथंच भारत-बांगलादेश पावसात वाहून गेला. रविवारी तसंच झालं तर?

---

चेंडूफळी | २८ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

फायनलला राखीव दिवस आहे, सोमवार ३ तारीख. म्हणजे परतावा सहसा नाही, तिकीट पुढे चालू. सोमवारची सुट्टी आत्ताच टाकून ठेवा. परवाच्या सामन्याला परतावा मिळेल असं धरू नका, बांगलादेशनं २७ षटकं खेळली होती.

आणि हो, ही फायनल तुमची झाली ती पाकिस्तान लीगमध्येच बाहेर पडल्यामुळे. ते फायनलला आले असते तर सामना कोलंबोत होता, वेळापत्रकातच तसं लिहिलेलं. इतके दिवस नवी मुंबईचं तिकीट म्हणजेसुद्धा 'गरज पडल्यास'च होतं.

---

अमळनेरची_साने | २८ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

हिशेबनीस, कागदी तिकीट मिळालं तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि परतीचं रेल्वेचं काढूच नका, गाडीनं जा.

---

पारोळा_हिशेबनीस | २८ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

गाडीनंच जातोय. रविवारी पहाटे पारोळ्याहून निघून धुळे, नाशिक, कसारा. मागे दोन जागा मोकळ्या आहेत. धुळ्याच्या बायपासला कुणी चढणार असेल तर इथंच लिहा. डिझेल-टोल समान वाटून घेऊ, आणि सामना सोमवारवर गेला तर एका रात्रीचा मुक्कामही.

---

वकिली_धुळे | २८ ऑक्टोबर, सकाळी १०.२६

एक जागा माझी धरा. तिकीट अजून नाही, पण बघतो. आणि मी आलोच नाही तर टोलचा वाटा मागायचा नाही, हे आत्ताच लेखी देऊन ठेवतो.